आधी काचपट्टी पाहा, मग औषधाची बाटली उघडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरातल्या फिश टँकविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. टाकी कुठे ठेवावी, फिल्टर कोणता घ्यावा, माशांना खाणे किती घालावे याबद्दल लेखकाने दिलेली माहिती नेमकी आहे, आणि या विषयावर मराठीत इतक्या आस्थेने लिहिले जाते याचा मला आनंद वाटला. मात्र लेखाच्या अखेरीस, मासा मलूल दिसला, अंग घासू लागला किंवा त्याच्यावर ठिपके आले तर पाण्यात मूठभर मीठ आणि निळ्या औषधाचे चार-पाच थेंब टाकावेत, असा जो सल्ला दिला आहे, त्याला माझा आक्षेप आहे. हाच सल्ला दुकानातही मिळतो आणि शेजारीपाजारीही देतात. तीन अगदी वेगवेगळी लक्षणे आणि त्यांमागचे डझनभर वेगवेगळे परजीवी यांना एकच उतारा सांगितला, की औषध बहुतेक वेळा रोगापर्यंत पोहोचतच नाही आणि मासा वाचवण्याचे मोलाचे तीन-चार दिवस हातचे जातात.

मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते आणि घरात गेली वीस वर्षे गोड्या पाण्यातले मासे पाळते आहे. माझ्या हातून झालेली चूक आधी सांगते, कारण हे पत्र त्या चुकीतूनच आले आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या टाकीत सहा गोल्डफिश होते. त्यांत मी दुकानातून आणलेले आणखी दोन मासे त्याच संध्याकाळी सोडले. आठ-दहा दिवसांत जुने मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, हवेच्या बुडबुड्यांपाशी घुटमळू लागले, आणि एकाच्या डाव्या कल्ल्यावरचे झाकण नीट मिटेनासे झाले. अंगावर ठिपका नाही, जखम नाही, पर फाटलेले नाहीत. दुकानदाराने न पाहताच ‘बुरशी असेल’ म्हणून निळ्या औषधाची बाटली दिली. चार दिवस पाणी शाईसारखे निळे राहिले, फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंना त्याचा फटका बसून पाण्यात विषारी अमोनिया वाढला आणि दोन मासे गेले. मग हिरव्या औषधाची बाटली मिळाली, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी तिसरा मासा गेला. दोन्ही बाटल्यांवर माशाचे चित्र होते, पण आत कोणते रसायन किती प्रमाणात आहे याचा एक शब्दही नव्हता.

तो तिसरा मासा मेल्यावर तासाभरात मी त्याला टाकीतल्याच पाण्यात घालून आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. खरे तर हे काम पहिल्या दिवशी करायला हवे होते. कल्ल्याचे झाकण कात्रीने उचलले. निरोगी कल्ला ताज्या डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल असतो. हा फिकट होता आणि त्यावर चिकट थर साचला होता. त्याच्या चार-दोन तंतूंचे टोक कापून काचपट्टीवर टाकीच्या पाण्याच्या थेंबात ठेवले, वर कव्हर स्लिप, म्हणजे पातळ काचेचा चौकोनी तुकडा, घातली आणि सूक्ष्मदर्शकाच्या दहाच्या भिंगाखाली पाहिले. तंतूंच्या मधोमध पारदर्शक, लांबट कृमी जळवेसारखे ताणत-आखडत होते. प्रत्येकाच्या डोक्याशी चार काळे ठिपके, म्हणजे त्यांचे डोळे, आणि मागच्या टोकाला कल्ल्यात रुतवलेले आकडे. डॅक्टिलोजायरस, म्हणजे कल्ल्यांतले चपटे कृमी. विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातले चपटे कृमी वर्षानुवर्षे शिकवले, आणि माझ्याच घरातल्या माशांचा जीव ते घेत असताना मी निळे थेंब मोजत बसले होते.

निळे औषध, म्हणजे बहुधा मेथिलीन ब्लू, या कृमींचे काही बिघडवत नाही. त्यांच्यावर प्राझिक्वान्टेल लागू पडते, जे माणसांच्या आणि जनावरांच्या जंतांवरही वापरतात. पाण्यात ते सहज विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या पाण्यात चांगले घोटून घ्यावे लागते, आणि प्रमाण लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. मात्र डॅक्टिलोजायरस अंडी घालतो आणि अंड्यांवर औषधाचा परिणाम होत नाही, त्यामुळे एका मात्रेत काम भागत नाही. अंड्यांतून नवे कृमी बाहेर पडल्यावर, पण त्यांनी पुन्हा अंडी घालण्याआधी, मात्रा द्यावी लागते. मी पशुवैद्यांच्या सल्ल्याने आठवड्याच्या अंतराने तीन मात्रा दिल्या. उरलेले पाच मासे वाचले आणि त्यांतले दोन आजही टाकीत आहेत. डॅक्टिलोजायरसचाच भाऊबंद असलेला जायरोडॅक्टिलस त्वचेवर राहतो, त्याला ते चार डोळे नसतात, आणि तो अंडी न घालता थेट पिल्लाला जन्म देतो. भिंगाखाली त्याच्या पोटातले पिल्लू आकड्यांसकट दिसते. दोघांवर औषध तेच, पण मात्रा किती वेळा द्यायची याचा हिशेब वेगळा. हा फरक टाकीबाहेरून बघून कोणालाच सांगता येणार नाही.

आता ठिपक्यांविषयी, कारण लेखात त्यांचाच उल्लेख ठळक आहे. अंगावर आणि परांवर मिठाचे कण शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात तो रोग इक्थिओफ्थिरिअस नावाच्या एकपेशीय जीवामुळे होतो. फूके या फ्रेंच संशोधकाने 1876 साली त्याचे वर्णन केले. त्याच्या पूर्ण शास्त्रीय नावाचा अर्थ ‘पुष्कळ लेकरांची माशांवरची ऊ’ असा होतो, आणि उपचाराची सगळी गोम त्या ‘पुष्कळ लेकरां’त आहे. आपल्याला दिसणारा ठिपका म्हणजे माशाच्या त्वचेखाली शिरून वाढणारा परजीवी. तिथे त्याला बाहेरचे औषध पोहोचत नाही. पूर्ण वाढला की तो गळून टाकीच्या तळाशी, खड्यांत किंवा पानांवर जाऊन बसतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत विभागत शेकडो पिल्ले तयार करतो. कवचातही औषधाचा शिरकाव होत नाही. ती पिल्ले बाहेर पडून मासा शोधत पोहतात तेवढ्या एक-दोन दिवसांतच औषध त्यांना मारू शकते. त्यामुळे ‘दोन दिवसांत ठिपके गेले’ हे पुष्कळदा औषधाचे यश नसते. परजीवी वाढून आपोआप गळलेला असतो, मालक निर्धास्त होऊन औषध थांबवतो, आणि आठवड्याभरात दहापट ठिपके उमटतात.

हे चक्र पाण्याच्या तापमानावर चालते. 25 अंशांच्या आसपास ते आठवड्याच्या आत पुरे होते, तर 10 अंशांच्या थंड पाण्यात त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो. म्हणूनच उष्ण पाण्यातल्या माशांच्या टाकीत हीटरने तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंश असे, 30 अंशांपर्यंत नेतात, म्हणजे परजीवी लवकर लवकर उघड्यावर येतो. पण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. 25 अंशांना लिटरला सुमारे 8.3 मिलिग्रॅम, तर 30 अंशांना सुमारे 7.6. ज्या माशाचे कल्ले आधीच परजीवीने भरले आहेत त्याला हा फरक जाणवतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू राहायला हवा. वीज गेली की काय होईल याचा विचार आधी करून ठेवावा. गोल्डफिश थंड पाण्यातला मासा आहे. त्याच्या बाबतीत इतकी उष्णता न चढवता मिठावर आणि तळ उपसून वारंवार पाणी बदलण्यावर भर देणे मला अधिक योग्य वाटते. शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवावा.

याच्या उलट बाजूचा एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारचा आठवीतला मुलगा घाईघाईने आला, ‘काकू, माझ्या गोल्डफिशला पांढरे ठिपके आलेत, औषध घालू का?’ मी जाऊन पाहिले. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या काडीवर होते, ओळीने, एकसारखे. शेपटीवर किंवा पाठीवर एकही नव्हता. मासा खात होता, पोहत होता आणि दुसऱ्या माशाचा पाठलाग करत होता. तो नर होता आणि ते विणीच्या हंगामातले पुटकुळ्यांसारखे उंचवटे होते, जे निरोगी नराला येतातच. दुकानातून आणलेली हिरवी बाटली त्याच्या हातात होती. ती टाकीत गेली असती तर एका धडधाकट माशावर विषप्रयोग झाला असता.

विषप्रयोग हा शब्द मी जाणूनबुजून वापरते. पांढऱ्या ठिपक्यांवरच्या औषधांत अनेकदा मॅलाकाइट ग्रीन आणि फॉर्मॅलिन असते. ती योग्य प्रमाणात, योग्य रोगावर परिणामकारक आहेत, हे मान्य. पण मॅलाकाइट ग्रीन टेट्रांसारख्या लहान माशांना आणि खवले नसलेल्या माशांना लवकर बाधते; खाण्याच्या माशांत त्याचा वापर वर्ज्य आहे तो उगीच नव्हे. फॉर्मॅलिन पाण्यातला प्राणवायू ओढून घेते, आणि बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलेले जुने फॉर्मॅलिन माशांना आणखी घातक ठरते. घरात लहान मुले टाकीत हात घालतात, याचाही विचार व्हायला हवा. जिच्यावर घटक छापलेले नाहीत अशी बाटली मी आता विकतच घेत नाही आणि कोणी घेऊ नये असे मला वाटते.

‘मूठभर’ आणि ‘चार थेंब’ या मापांनी तर मोठा घोळ होतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी आपल्याकडे सर्रास आढळते. कागदावर तिचे आकारमान सुमारे 56 लिटर भरते. तळातले खडे, वर सोडलेली मोकळी जागा आणि सजावट वजा केली की पाणी 45 लिटरच्या आसपास उरते. पांढऱ्या ठिपक्यांसाठी लिटरला 2 ग्रॅम मीठ द्यायचे ठरवले, तर ते 90 ग्रॅम होते, आणि तेही एकदम न टाकता वेगळ्या पाण्यात विरघळवून दीड-दोन दिवसांत विभागून द्यायचे. माझी मूठ आणि आमच्या वॉचमनकाकांची मूठ यांत दुपटीचा फरक आहे. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्यापेक्षा पुष्कळ विश्वासाचा. शिवाय पाणी बदलल्यावर काढलेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घालायचे असते, कारण मीठ बाष्पीभवनाने उडून जात नाही. वर नुसते पाणी कमी झाले असेल तर साधे पाणीच भरायचे. टाकीतल्या काही वनस्पती आणि तळाशी राहणारे कोरिडोरास मासे यांना मीठ सोसत नाही, आणि कल्ल्यांतल्या कृमींना इतक्या मिठाने फारसा फरक पडत नाही.

बाकीच्या परजीवींबद्दल थोडक्यात लिहिते. गोल्डफिश आणि कोई यांच्या अंगातून दोऱ्यासारखा लोंबणारा, टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या असलेला जो ‘किडा’ दिसतो तो लर्निया. त्याला कृमी म्हणतात, पण तो कोळंबीच्या गोतावळ्यातला कवचधारी जीव आहे आणि त्याचे डोके नांगरासारखे मांसात रुतलेले असते. चिमट्याने खेचला की डोके आत राहून तिथे जखम चिघळते, आणि पाण्यात तरंगणारी त्याची पिल्ले तशीच राहतात. आर्ग्युलस ही चपटी, पारदर्शक, नुसत्या डोळ्यांना दिसणारी माशांची ऊ. ती अंडी काचेवर चिकटवते, त्यामुळे मासा स्वच्छ झाला तरी टाकी स्वच्छ झालेली नसते. गप्पी आणि मॉलीच्या गुदद्वारातून लाल केसासारखे टोक डोकावले तर तो कॅमॅलॅनस हा गोलकृमी, आणि त्यावर लेव्हामिसोल उपयोगी पडते. एंजल किंवा डिस्कस मासा पांढरी, धाग्यासारखी विष्ठा टाकत असेल तर लोक लगेच माणसांच्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटून पाण्यात टाकतात. पण नुसता उपाशी मासाही तशी विष्ठा टाकतो. ताज्या विष्ठेचा कण भिंगाखाली ठेवला आणि त्यात सुसाट पळणारे कशाभिकायुक्त, म्हणजे चाबकासारख्या तंतूंनी पोहणारे, जीव थव्याने दिसले, तरच त्या औषधाला अर्थ आहे, आणि तेव्हाही ते पाण्यापेक्षा खाण्यातून दिलेले बरे. ट्रायकोडायना हा दातेरी बशीसारखा गरगर फिरणारा जीव त्वचेच्या खरवडीत, म्हणजे त्वचेवरून हलके खरवडून घेतलेल्या थरात, मोठ्या संख्येने दिसला, तर औषधाआधी आपल्या टाकीतला गाळ आणि आपला खाणे घालण्याचा हात पाहावा, कारण तो घाण पाण्यात फोफावतो.

आणि मुळात परजीवी नसलाच तर? अंग घासणे, पृष्ठभागाशी धापा टाकणे, पर मिटून बसणे ही सगळी लक्षणे पाण्यात अमोनिया किंवा नायट्राइट वाढल्यानेही दिसतात, आणि नळाचे क्लोरीनयुक्त पाणी तसेच ओतल्यानेही दिसतात. सगळे मासे एकाच दिवशी, विशेषतः पाणी बदलल्यावर काही तासांत अस्वस्थ झाले, तर आधी पाण्यावर संशय घ्यावा. परजीवी सहसा एक-दोन माशांपासून सुरू होऊन दिवसागणिक पसरतो. पाण्याची चाचणी पाच-दहा मिनिटांत होते. ती केल्याशिवाय कुठलीही बाटली उघडू नये, असे मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला सांगते.

त्वचेची खरवड घेणे कठीण नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण जिवंत माशाला हात लावायला लोक घाबरतात. हात आणि मऊ कापड टाकीच्याच पाण्यात भिजवून घ्यावे, मासा हलक्या हाताने धरावा, डोळ्यांवर ओले कापड आले की तो बराचसा शांत होतो. छातीच्या परामागे कव्हर स्लिपची कड डोक्याकडून शेपटीकडे एकदाच, दाब न देता, फिरवावी. जो बुळबुळीत थर येतो तो काचपट्टीवरच्या थेंबात मिसळावा आणि लगेच पाहावा. एवढे अर्ध्या मिनिटात होते. थर वाळला की परजीवी हलायचे थांबतात आणि ओळखू येत नाहीत. फ्रीजरमध्ये ठेवलेला किंवा रात्रभर पाण्यात पडून राहिलेला मेलेला मासा तपासणीला जवळजवळ निरुपयोगी. पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी संथपणे लोळत फिरताना दिसतो आणि त्याच्या आत घोड्याच्या नालासारखे केंद्रक असते. एकदा पाहिले की माणूस ते विसरत नाही; अकरावीतल्या मुलींनी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हाचा वर्गातला कल्लोळ मला अजून आठवतो.

माझी विनंती यातूनच निघते. जीवशास्त्र शिकवणाऱ्या कनिष्ठ महाविद्यालयांत असे सूक्ष्मदर्शक असतात आणि वर्षाचे कितीतरी दिवस ते कपाटात असतात. महिन्यातून एक-दोन शनिवार प्रयोगशाळा मासे पाळणाऱ्यांसाठी उघडी ठेवली, तर नागरिकांना निदान मिळेल आणि विद्यार्थ्यांना पुस्तकातला परजीवी जिवंत पाहायला मिळेल. पशुवैद्यकीय दवाखान्यात मी मासा घेऊन गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आपलेपणाने ऐकले, पण माशांची तपासणी तिथे होत नाही असे सांगितले. माशांचे रोग शिकवणाऱ्या संस्था मात्र आपल्या राज्यात आहेत: वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, नागपूर आणि उदगीरची मत्स्यविज्ञान महाविद्यालये. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. या संस्थांनी आठवड्यातला एक ठरावीक वार घरगुती माशांच्या तपासणीसाठी माफक शुल्कात ठेवावा आणि त्यांच्या शिक्षकांनी जिल्ह्याच्या पशुवैद्यकांना खरवड घेण्याचे एक दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. अन्न व औषध प्रशासनानेही घटक न छापलेल्या बाटल्यांकडे लक्ष द्यावे, त्या माशांसाठी असल्या तरी.

हा केवळ हौशी लोकांचा प्रश्न नाही. औषधाने गुण आला नाही की कंटाळून लोक आजारी मासे आणि टाकीतले पाणी नदीत, तळ्यात किंवा गावच्या विहिरीत सोडतात. कृष्णेच्या घाटावर पिशवीतून गोल्डफिश सोडताना मी स्वतः पाहिले आहे. लर्निया आणि आर्ग्युलस गोल्डफिशपुरते राहत नाहीत. रोहू, कटला, मृगळ याच कुळातले मासे आहेत, आणि शेततळ्यात मत्स्यपालन करणाऱ्यांना आर्ग्युलसचा उपद्रव चांगलाच परिचयाचा आहे. आजारी मासा आणि त्याचे पाणी उघड्या जलाशयात जाता कामा नये. नवा मासा आणला की तीन-चार आठवडे वेगळ्या भांड्यात, वेगळ्या जाळीने सांभाळावा. मी त्या दिवशी एवढे केले असते, तर आठातले तीन मासे गेले नसते.

लेखाचा दुसरा भाग येत्या रविवारी छापणार असल्याचे आपण म्हटले आहे. त्या भागात मीठ-थेंबांचा सल्ला दुरुस्त करून, निदान पाण्याची चाचणी, त्वचेची खरवड आणि टाकीच्या पाण्याचे खरे लिटर काढण्याची रीत या तीन गोष्टी लेखकांनी चार ओळींत द्याव्यात अशी माझी विनंती आहे. त्यांना हवी असल्यास भिंगाखाली घेतलेली डॅक्टिलोजायरस आणि इक्थिओफ्थिरिअसची माझ्याकडची छायाचित्रे मी आनंदाने पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, सांगली